जितके आले, तितके गेले

परवा देवीच्या पायथ्याशी कॉलेजातली वाटावीत अशी दोन मुलं छापील कागद घेऊन माणसांना अडवत होती. कुठून आलात, कशानं आलात, मुक्काम किती, मागच्या वर्षी आला होतात का, पुन्हा येणार का. पर्यटन खात्यानं धाडली होती म्हणे. मलाही त्यांनी धरलं. मी म्हटलं, "बाबांनो, मी इथलाच, मला कशाला मोजता?" त्यावर चष्मेवाला म्हणाला, "आजोबा, टाकळीत अशी मोजणी पहिल्यांदाच होतेय, तेवढं सहकार्य करा."

'पहिल्यांदाच' म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी त्याला सुनावलं, "तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हा इथं माणूस न् माणूस मोजला जात होता, आणि तुझ्या या कागदापेक्षा नेटका." पोरगं हसलं आणि पुढच्या माणसाकडे वळलं. त्याला तरी काय बोल लावायचा? बशीर मुन्शींचं नाव आता खुद्द टाकळीत कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि मीही ते इतकी वर्षं उच्चारलं नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

टाकळी म्हणजे तेव्हा निजामाच्या मुलखाचं शेवटचं टोक. जालन्याहून बैलगाडीनं आख्खा दिवस लागायचा. गावाच्या पलीकडे कोसभरावर ओढा, आणि ओढ्यापल्याड वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर करोडगिरीचा नाका होता. येणाऱ्याजाणाऱ्या मालावर सरकार तिथं जकात घ्यायचं. दर पौर्णिमेला देवीची जत्रा भरायची आणि दोन्हीकडची माणसं लोटायची. एका वर्षी जत्रेतून पटकी पसरली, गावंच्या गावं आजारी पडली. तेव्हा तहसिलीतून हुकूम निघाला की टाकळीला येणारी माणसं मोजावीत, कुठली किती, मुक्कामाला किती, याचा दरमहा तख्ता, म्हणजे आकड्यांचा कागद, पाठवावा, आणि येणाऱ्यांना टोचावं. मोजायला बशीर मुन्शी आले आणि टोचायला मी. मोठ्यांना पटकीची सुई, तान्ह्यांना देवीच्या रोगाची. मला लोक डाक्टर म्हणायचे. मी सातवी पास होतो, पण कुणाचं तोंड का धरा?

मुन्शी पंचेचाळिशीचे, उंच आणि किडकिडीत. काळी शेरवानी उन्हानं तांबूस झालेली, डोक्याला गोंड्याची लाल टोपी, कमरेला सुपारीची चंची. नाक्यावर लिंबाखाली पाट टाकून बसायचे. पुढ्यात दोन गाडगी, एक येणाऱ्यांचं आणि एक जाणाऱ्यांचं. मांडीवर चिंचोक्यांची थैली. माणूस नाक्यातून आत आला की एक चिंचोका पहिल्या गाडग्यात, बाहेर गेला की एक दुसऱ्या गाडग्यात. टक. टक. दिवसभर तेवढंच. कडेवरचं लेकरू ते मोजत नसत. "जे आपल्या पायानं आलं न्हाई, ते आपल्या मर्जीनं आलं न्हाई," हा त्यांचा कायदा. जालन्याच्या बाजूला, गावच्या वेशीत, त्यांनी कोतवालाला असाच बसवला होता आणि संध्याकाळी त्याची गाडगी ते स्वतः पुन्हा मोजायचे. कोतवालाला याचा भारी राग.

मोजताना बोलायचं नाही. कुणी राम राम घातला तर डावी भुवई तेवढी वर जायची. मग सांजेला गावातून हिंडत एकेकाला गाठून म्हणायचे, "सकाळी राम राम घातला व्हता ना? घ्या, राम राम." तोवर समोरचा विसरून गेलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवीच्या माळावर चुली मोजत फिरायचे. तीन दगड म्हणजे एक चूल, एक चूल म्हणजे पाच माणसं, आणि राख दोन थरांची असली तर दोन रात्री मुक्काम. मी एकदा म्हटलं, "मुन्शीजी, सरळ विचारत का न्हाई लोकायला, किती दिवस राह्यले म्हणून?"

"तोंड झूट बोलतं डाक्टर. नवस लहान असला तरी माणूस मोठा सांगतो. चूल न्हाई झूट बोलत."

नारळवाला जत्रेआधी त्यांना विचारल्याशिवाय पोती आणायचा नाही. ज्वारी खळ्यातून घरात गेली का, लग्नसराई कुठवर आली, पौर्णिमा कोणत्या वारी, हे सगळं मनाशी मांडून मुन्शी सांगायचे, "दोन पोती जास्त आण." आणि तेवढीच खपायची. एकदा तहसीलदारसाहेब खुद्द आले. औरंगाबादेहून मोठे साहेब यायचे होते. जत्रा मोठी दिसली तर रस्त्याला मंजुरी मिळणार होती. म्हणाले, "मुन्शी, तख्त्यात आकडा दुप्पट टाका." मुन्शी अदबीनं उठून उभे राहिले. "दुप्पट लिहितो साहेब. फकस्त पुढच्या पौर्णिमेला दुप्पट माणसं तुम्ही आणा." रस्ता काही झाला नाही. तहसीलदारांनी मात्र ते लक्षात ठेवलं.

मुन्शींच्या मोजण्याची खरी किंमत मला एका आषाढात कळली. संध्याकाळी गाडगी उपडी करून त्यांनी चिंचोके दोनदा मोजले. मग म्हणाले, "डाक्टर, वऱ्हाडातून आज निम्मीच माणसं आली. अडकून पडायला ऊस न्हाई, पेरणी न्हाई, पाऊस बी न्हाई. आणि जी आली ती वढ्याचं पानी पिली न्हाईत, घरून कळश्या घेऊन आल्ती. वढ्याच्या वरच्या अंगाला कुठंतरी बिमारी हाय." मी हसलो, पण सकाळी ओढ्याकडेनं वर गेलो. तिसऱ्या गावात घरोघर पटकीचे रोगी होते आणि त्यांचे कपडे ओढ्यात धुतले जात होते. पुढचं अरिष्ट टळलं. मला तहसिलीतून शाबासकीचा कागद आला. तो मी लाज न वाटता चौकटीत लावला. मुन्शी म्हणाले, "गाडगं बोललं, म्या फकस्त ऐकलं."

इतकं ऐकणारा हा माणूस माणसांच्या बाबतीत मात्र ठार आंधळा होता. किती आले हे बिनचूक, पण कोण आलं याचा पत्ता नसायचा. त्यांच्या बेगम एकदा भाकरी घेऊन नाक्यावर आल्या आणि सावलीसाठी दोन पावलं नाक्याबाहेर गेल्या, तर मुन्शींनी मान वर न करता त्यांच्या नावाचा चिंचोका जाणाऱ्यांच्या गाडग्यात टाकला. बाई परत आत येईपर्यंत भाकरी सोडली नाही. ही गोष्ट सांगून आम्ही गावभर हसायचो. या आंधळेपणाचं पुढं काय होणार आहे हे तेव्हा कुणाला कळलं असतं तर हसलो नसतो.

मग सत्तेचाळीस उजाडलं. ओढ्यापल्याड स्वातंत्र्य आलं, अलीकडे आलं नाही. अलीकडे रझाकारांचा काळ सुरू झाला. संस्थानातली तरुण पोरं सत्याग्रह करून, नाहीतर सरकारी शिंदीची झाडं तोडून पळत होती आणि वऱ्हाडातल्या छावण्यांत जमत होती. शिंदीवर सरकारचा कर, म्हणून झाड तोडणं म्हणजे सरकारच्या तोंडचा घास काढणं. ओढ्याकाठी बाकी सगळीकडे रझाकारांची गस्त, म्हणून पौर्णिमेला ही पोरं कपाळाला मळवट भरून, हातात नारळ घेऊन, परतणाऱ्या वऱ्हाडी यात्रेकरूंत मिसळायची आणि नाक्यातून बिनबोभाट पार व्हायची. करोडगिरीचे लोक गाठोडी तपासायचे, माणसं नाही. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. मी त्यांच्या दंडात सुई टोचायचो आणि वर बघायचो नाही.

माझा धाकटा भाऊ वसंता बावीस वर्षांचा. अठ्ठेचाळीसच्या वैशाखात त्यानं सहा सोबत्यांना घेऊन एका शिवारातली शिंदी आडवी केली. सातही जणांवर वॉरंट निघालं. सगळे टाकळीच्या आसपास कडब्याच्या गंजींत लपून होते आणि जेठाच्या पौर्णिमेची वाट बघत होते. आई घरात दिवा लावून बसायची आणि दारावर थाप पडली की पांढरीफटक व्हायची.

अशात एका सांजेला मुन्शी माझ्या खोलीवर आले. चेहरा खुललेला.

"डाक्टर, एक गम्मत सांगतो. तीन पौर्णिमा झाल्या. वऱ्हाडातून जितके येऊन राह्यले, त्याच्यापेक्षा जास्त परत जाऊन राह्यले. दर खेपेला दहा-बारा चिंचोके जास्त. म्या तीनदा मोजलं. बिलकुल बराबर हाय."

माझ्या हातातली सुई उकळत्या पाण्यात पडली.

"आता सांगा," ते चंचीतून सुपारी काढत म्हणाले, "हितं येऊन माणसं पैदा होऊन राह्यली का?"

"मुन्शीजी, हे तुम्ही कुणाला बोललात?"

"बोलायचं काय त्यात? तख्त्यात लिहिलं. शेवटच्या खान्यात. येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त, सबब मालूम न्हाई, तहकीकात व्हावी. परवाच गेल्ता तख्ता जालन्याला."

ते गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि माझ्या मनात जे आलं ते आज लिहून टाकतो. मला वाटलं, हा सरकारी माणूस, त्यातून मुसलमान. यानं हे जाणूनबुजून केलं आणि आता गंमत म्हणून मला सांगून माझं तोंड बघतोय. पाच वर्षं एका लिंबाखाली बसलेल्या माणसाबद्दल मी असा विचार केला. त्यानंतर दहा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते रोज भुवई वर करायचे आणि मी मान फिरवायचो.

अकराव्या दिवशी पोलिसांचा अमीन, म्हणजे आपला फौजदार, आला. धिप्पाड, पण आवाज अगदी मऊ. तो तख्ता त्याच्या हातात होता. चावडीपुढं त्यानं मुन्शींच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांदेखत हुकूम सांगितला. येत्या पौर्णिमेला मुक्काम बंद. वऱ्हाडातून आलेल्यानं सूर्य मावळायच्या आत परत जायचं. मुन्शींनी सकाळी जितके चिंचोके गाडग्यात टाकले असतील, तितकीच माणसं दुपारी नाक्याबाहेर सोडायची. एक माणूस बाहेर, एक चिंचोका या गाडग्यातून त्या गाडग्यात. गाडगं रिकामं झालं की नाका बंद. त्यानंतर जो रांगेत उरेल, तो वऱ्हाडातला नाहीच. त्याला धरायचं. आणि तेवढ्या वेळात जालन्याकडून शिपाई शिवार चाळत, गंजी उपसत गावापर्यंत येतील.

"मुन्शीजींनी कमाल केली," अमीन म्हणाला. "आम्ही सालभर झक मारून राह्यलो, आणि ह्यांनी बसल्या जागी पकडलं."

मुन्शी जमिनीकडे बघत उभे होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, या माणसाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. दर महिन्याचे जास्तीचे चिंचोके म्हणजे कोण, सातजण कुठं आहेत, त्यांत माझा भाऊ आहे. त्यांनी त्या क्षणी उठून चावडीवर जायचं म्हटलं असतं तर सातजणांचे जीव गेले असते. ते चिंचोक्यांच्या थैलीत हात घालून बसले होते, हात आतच राहिला.

"लेकराहो, कुणीतरी सांगायचं व्हतं मला," ते एवढंच म्हणाले.

"तुमच्यावर भरवसा न्हवता आमचा," मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग होता?

त्यांनी मान हलवली. राग नाही, काही नाही. म्हणाले, "मंग आज कसा काय आलात?" बेगमनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

दोन दिवसांनी नाक्यावर कुणी नसताना ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"वऱ्हाडाकडून तान्ही लेकरं किती येतात जत्रंला? कडंवरची? तुमच्या वहीत असंल."

"पंधरा. कधी वीस."

"त्यांला मी मोजत न्हाई. तुम्हाला मालूम हाय."

"हो."

"ह्या खेपेला येताना मोजीन. जाताना न्हाई."

मला समजायला वेळ लागला. एका लेकराचा एक चिंचोका गाडग्यात पडणार आणि निघणार नाही. जितकी लेकरं, तितके जास्तीचे जीव बाहेर जाऊ शकणार.

"हुकुमात लिहिलंय, जितके जीव येतील तितके," मुन्शी म्हणाले. "लेकरू जीव न्हाई का? म्या झूट न्हाई करून राह्यलो डाक्टर. फकस्त कायदा बदलला." आपण खोटं करत नाही याचा त्यांना त्या अवस्थेतही आनंद झालेला होता. मला हसावं का रडावं कळेना.

पौर्णिमेच्या सकाळी ऊन कडक होतं. पोलीस आल्याची बातमी ओढ्यापल्याड पोचली होती, त्यामुळे माणसं थोडी आली, आणि लेकुरवाळ्या तर फारच थोड्या. मुन्शींच्या शेजारी एक शिपाई बसवलेला होता. पहिली बाई लेकरू घेऊन आली. टक, आणि पुन्हा टक.

"लेकराचा पन?" शिपायानं विचारलं.

"लेकरू बी आदमीच की," मुन्शी म्हणाले. मोजताना ते बोलले, हे मी पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

शिपायानं जांभई दिली. दुपारी तो देवीच्या प्रसादाला गेला आणि परत आलाच नाही. तोवर माझ्या वहीत तान्ही लेकरं चढली होती सहा. मी पुन्हा मोजली, सहाच. पोरं होती सात.

देवळात नारळ फोडायच्या गर्दीत वसंता भेटला. डोक्याला फडकं, कपाळभर मळवट, ओळखू येत नव्हता. मी त्याच्या शेजारी उभा राहून हळूच म्हटलं, "सहा." त्यानं देवीकडे बघतच मान डोलावली. "मी शेवटी उभा राहतो दादा. ते सहा तर निघतील." मी त्याचं मनगट धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं. परत लपायला जागा नव्हती. जालन्याकडचे शिपाई वरच्या मळ्यापर्यंत आले होते आणि गंजी उपसल्याची धूळ देवळातून दिसत होती.

जेवण करून अमीन नाक्यावर खुर्ची टाकून बसला आणि बाहेर जाणारी रांग सुरू झाली. मुन्शी येणाऱ्यांच्या गाडग्यातून चिंचोका उचलायचे, जाणाऱ्यांच्या गाडग्यात टाकायचे. लेकुरवाळी बाई गेली की एकच टक. अमीनला सकाळचं काही ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे फक्त गाडग्यावर होते. सहाही पोरं एकेक करून माझ्यासमोरून गेली. कुणी म्हातारीचं गाठोडं उचललं होतं, कुणी बैलाची वेसण धरली होती. मी सुया पुसत होतो. त्या दिवशी मी एकच सुई किती वेळा पुसली असेल देव जाणे.

रांग सरत आली. गाडग्याच्या तळाशी मुन्शींची बोटं खरवडू लागली तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. पुढं एक म्हातारा, त्याची म्हातारी, आणि त्यांच्यामागं वसंता. म्हातारा गेला. टक. म्हातारी गेली. टक. मुन्शींनी गाडग्यात हात घातला आणि तो हात आत थांबला. अमीन खुर्चीत पुढं झुकला. गाडगं रिकामं आहे हे तिथं तिघांनाच ठाऊक होतं, मुन्शींना, मला आणि वसंताला. वसंतानं पाऊल उचललं नाही. तो मुन्शींकडे बघत होता.

मुन्शींनी डावा हात कमरेला नेला, जणू चंची सरळ करायला. मग उजवी मूठ गाडग्यातून बाहेर आली, दोन्ही हात क्षणभर एकमेकांपाशी आले, आणि दुसऱ्या गाडग्यात काहीतरी पडलं. टक. चिंचोक्याचा आवाज तो नव्हे, जरा बसका. मला तो इतका मोठा वाटला की अमीन आता उठणार अशी माझी खात्री झाली.

"चला, चला, जल्दी," मुन्शी वसंतावर खेकसले. वसंता नाक्याबाहेर गेला, ओढ्याच्या पाण्यात उतरला आणि पलीकडे चढला.

अमीन उठला. त्यानं येणाऱ्यांचं गाडगं उचलून उपडं केलं. आतून नुसती धूळ पडली. त्यानं मागं वळून पाहिलं, रांगेत कुणी नव्हतं.

"एक बी ज्यादा न्हाई?" त्याचा आवाज अजून मऊच होता.

"जितके आले, तितके गेले साहेब," मुन्शी म्हणाले.

"बराबर?"

"ह्या गाडग्यातले मोजून दाखवतो. घंटाभर लागंल." असं म्हणून त्यांनी दुसरं गाडगं खरंच पुढं ओढलं. मी डोळे मिटून घेतले. अमीननं नुसता हात झटकला. त्याला चिंचोके नको होते, माणसं हवी होती.

"मंग ह्या तीन महिन्यांच्या तख्त्याचं काय?" त्यानं खिशातून कागद काढून मुन्शींच्या पुढ्यात टाकला. "ह्यात तर दर खेपेला दहा-बारा ज्यादा लिहिलेत."

मुन्शी पाटावरून उठले. त्या कागदातला एकूण एक आकडा खरा होता. तीन-तीनदा मोजलेला. त्यांनी कागद उचलला, वाचल्यासारखा केला आणि म्हणाले, "गलती माझी, साहेब. उमर झाली. तीनही महिने मोजण्यात चूक झाली."

एकदा दोन चिंचोके कमी भरले म्हणून दिवसभर उपाशी राहिलेला हा माणूस. नाक्यावर, करोडगिरीच्या लोकांसमोर, आपल्या हाताखालच्या कोतवालासमोर तो मान खाली घालून उभा राहिला. अमीननं त्यांना सगळ्यांदेखत शिव्या दिल्या. "चार चिंचोके मोजता येत न्हाईत आणि मुन्शी म्हणवतो!" कोतवाल खो खो हसला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मुन्शींइतकं बरोबर मोजणारा माणूस या मुलखात नाही. मी सुई पुसत राहिलो.

सगळे गेल्यावर त्यांनी दुसरं गाडगं ओतलं आणि चिंचोक्यांतून सुपारीचं खांड वेचून ओढ्याकडे भिरकावलं. म्हणाले, "तुमचा भाऊ चालतो बरा. लांब ढांगा टाकतो." पाच वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच एखादा माणूस बघितला होता.

पंधरा दिवसांत तहसिलीतून कागद आला. खोटा तख्ता दिल्याबद्दल मुन्शींना कामावरून कमी केलं. तहसीलदारांनी जुना हिशेब चुकता करून घेतला असावा. मुन्शी बेगमना घेऊन जालन्याला आपल्या घरी गेले. निघताना मी गाडीपाशी गेलो होतो, पण चारचौघांत जवळ जायचं धैर्य झालं नाही. लांबूनच हात केला.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. वसंता परत आला. पांढरी टोपी, खाकी सदरा, छातीला तिरंगी फीत. गावानं मिरवणूक काढली, आईनं दृष्ट काढली. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "दादा, त्या मुन्शीच्या पाया पडायचंय मला." आम्ही दोघं जालन्याला गेलो.

त्या दिवसांत मुसलमानांच्या वस्त्यांत काय चाललं होतं हे मला कळायला हवं होतं. रस्त्यांनी आमच्याच माणसांच्या टोळ्या सूड उगवत, घरं लुटत हिंडत होत्या, आणि त्यांच्याही अंगावर खाकी सदरे होते. मुन्शींच्या गल्लीत भर दुपारी एकही दार उघडं नव्हतं. कुणाच्या तरी घरावर काजळी धरलेली होती. पण उत्साहाच्या भरात मी स्वतः पुढं न होता वसंतालाच पुढं केलं. म्हटलं, बघू या ओळखतात का.

वसंतानं दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. पुन्हा वाजवलं. मग दार वीतभर उघडलं. फटीत मुन्शी दिसले. दाढी वाढलेली, डोक्याला टोपी नव्हती. त्यांनी वसंताकडे पाहिलं, त्याच्या सदऱ्याकडे, फितीकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"साहेब, घरात फकस्त बायामाणसं हायत," ते म्हणाले. "जे न्यायचं ते घेऊन जा, पन त्यांला हात नका लावू."

वसंता वाकला होता तो तसाच थिजला. मी धावत पुढं झालो. "मुन्शीजी, मी! मी डाक्टर! हा वसंता, माझा भाऊ. तुम्ही पार केलेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं. मग वसंताकडे पुन्हा पाहिलं, पायांपासून वर तोंडापर्यंत, सावकाश. मला वाटलं आता दार उघडतील.

"पोचला ना सुखरूप?" त्यांनी मला विचारलं.

"पोचला, मुन्शीजी."

"चांगलं झालं," ते म्हणाले. हात अजून जोडलेलेच होते. "आता जावा तुम्ही. लोक बघून राह्यले."

त्यांनी दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.